गलबतावरचा दिवस आणि बंदरातला दिवस

दिवस म्हणजे काय असे कोणी विचारले, तर आपण घड्याळाकडे किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट दाखवू. परंतु लांबच्या जलप्रवासास निघालेल्या मनुष्यापाशी दिवस दोन असतात. एक गलबतावरचा आणि दुसरा किनाऱ्यावरचा. आणि हे दोन एकमेकांशी जुळतातच असे नाही. ही अलंकारिक भाषा नव्हे. पृथ्वीप्रदक्षिणा करून परतणारे 'व्हिक्टोरिया' हे स्पॅनिश गलबत इ. स. १५२२ च्या जुलै महिन्यात आफ्रिकेच्या पश्चिमेकडील सांतियागो बेटापाशी आले. मोहिमेचा नायक मॅगेलन हा वर्षापूर्वीच फिलिपाइन बेटांत मारला गेला होता. खलाशी उपासमारीने जर्जर झाले होते. तांदूळ आणावयास होडी किनाऱ्यावर पाठविली, तेव्हा तीतील माणसांस एवढेच बजावले होते की, आज वार कोणता तेही विचारून या. उत्तर आले, गुरुवार. गलबतावर त्या दिवशी बुधवार होता!

पिगाफेट्टा नावाचा इटालियन गृहस्थ गलबतावर रोजची टिपणे एकही खंड न पडू देता लिहीत असे. तो आश्चर्याने थक्क झाला. वस्तुतः चूक त्याचीही नव्हती आणि बेटावरच्या लोकांचीही नव्हती. पृथ्वीचा एक रेखांश ओलांडला की सूर्याच्या वेळेत चार मिनिटांचा फरक पडतो. पश्चिमेस जाणाऱ्याचा प्रत्येक दिवस किंचित लांबतो, पूर्वेस जाणाऱ्याचा किंचित आखूड होतो. आणि सारी प्रदक्षिणा पुरी झाली म्हणजे या चिमूटभर मिनिटांचा एक अख्खा दिवस होतो. वर्गात भूगोल शिकविताना फळ्यावर वर्तुळ काढून हा हिशेब मी पुष्कळ वेळा मांडला आहे, आणि मुलांस तो पटतो असा माझा अनुभव नाही. उपाशी खलाशांची ही गोष्ट सांगितली म्हणजे मात्र पटतो.

त्या गोष्टीचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. ते बेट पोर्तुगीजांचे होते, आणि आपण मसाल्याच्या बेटांहून आलो ही गोष्ट खलाशांस लपवावयाची होती. होडीने तांदळाच्या खेपा आणल्या. परंतु गुपित फुटले आणि पुढच्या खेपेस गेलेली तेरा माणसे किनाऱ्यावरच अडकवून ठेवण्यात आली. गलबतास नांगर उचलून पळ काढावा लागला. अर्ध्या जगाचे तुफान सोसून आलेल्या माणसांवर हा घाला पडला तो कोठे? पक्क्या जमिनीवर, धान्य घेताना.

आमच्या पिंपरी-चिंचवडास समुद्र नाही. पवना दापोडीपाशी मुळेस मिळते आणि तिचे पाणी भीमा-कृष्णेच्या वाटेने अखेर पूर्व समुद्रास जाते, एवढाच काय तो आमचा सागराशी संबंध, असे वाटण्यासारखे आहे. परंतु त्याच दापोडीस लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि ज्या अभियंता दलाचे ते शिक्षणस्थान, त्याच दलाच्या अधिकाऱ्यांनी 'तृष्णा' नावाच्या लहानशा शिडाच्या नौकेतून २८ सप्टेंबर १९८५ रोजी मुंबई सोडली आणि जगास वळसा घालून १० जानेवारी १९८७ रोजी ते मुंबईस परतले. पूल बांधणाऱ्या व सुरुंग काढणाऱ्या दलाने हे साहस करावे, याचे मला कौतुक वाटते.

त्यांचा मार्ग पनामाच्या कालव्यातून गेला. कालवा टाळून, थेट दक्षिण महासागरातून, केप ल्यूविन, केप हॉर्न आणि केप ऑफ गुड होप ही तिन्ही भूशिरे ओलांडून एकट्याने प्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय म्हणजे नौदलातील कमांडर दिलीप दोंदे. कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. आणि तिचे नाव 'म्हादेई'. १९ ऑगस्ट २००९ रोजी ती मुंबईहून निघाली आणि मे २०१० मध्ये परतली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली व केप टाउन या चारच बंदरांत तिचा मुक्काम झाला. सारे मिळून २७६ दिवस लागले. पैकी समुद्रावरचे १५७. म्हणजे ११९ दिवस बंदरांत गेले! हे ऐकून एका स्नेह्याने मला विचारले की, मग हे पर्यटन की विश्रांती? त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, म्हणून आजचे हे भाषण.

प्रथम नौकेवरचा दिवस कसा असतो ते पाहू. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या श्रोत्यांस 'पाळी' या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. पहिली, दुसरी आणि तिसरी अशा पाळ्यांवर तेथील घरांची जेवणे, झोपा व मुलांचे अभ्याससुद्धा बेतलेले असतात. नौकेवरही तसेच. कोणीतरी सुकाणूपाशी जागे असलेच पाहिजे. मग चार तासांनी दुसरा येतो आणि पहिला ओल्या कपड्यांनिशी बिछान्यात शिरतो. एकटा मनुष्य असला म्हणजे तिन्ही पाळ्या त्याच्याच. वाऱ्यावर चालणारे यंत्र सुकाणू धरते खरे. परंतु वारा फिरला की शीड आवरावयास, वाटेत जहाज दिसते का ते पाहावयास, दोर घासून विरतो आहे काय हे चाचपावयास त्यालाच उठावे लागते. झोप अशी मिळते ती तुकड्यातुकड्यांनी. स्वयंपाक करावयाचा तो डोलणाऱ्या शेगडीवर, एका हाताने; दुसऱ्या हाताने कशास तरी धरून राहावयाचे. जुने खलाशी म्हणत की एक हात गलबताचा व एक हात आपला, त्यातले मर्म पोळी भाजू पाहणाऱ्यास चटकन कळावे. नौकेवरील दिवसाचे सुख एवढेच की त्यात निवड नसते. समोर येईल ते काम करावयाचे.

आता बंदरातला दिवस. किनारा दिसला की पिवळे निशाण उभारावयाचे. त्याचा अर्थ, आमची तपासणी होऊन परवानगी मिळेपर्यंत आम्ही परके. मग जकातीचे, आरोग्याचे, शेतीखात्याचे अधिकारी नौकेवर येतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ही राष्ट्रे या बाबतीत फार कडक आहेत. आपल्या देशात नसलेली कीड किंवा बी परदेशी अन्नातून शिरू नये म्हणून ताजी फळे, भाजी, बियाणे यांची कसून झडती होते. घरून प्रेमाने दिलेल्या डब्यांस त्या अधिकाऱ्यांपुढे काही प्रतिष्ठा नसते. एवढे आटोपून मनुष्य धक्क्यावर उतरतो, तर पायाखालची जमीन डोलू लागते! महिना-दीड महिना हलत्या फळीवर तोल सांभाळण्याची सवय झालेली असते. ती स्थिर धरणीवर एकाएकी सुटत नाही.

पोटभर झोप, गोड पाण्याचे स्नान, घरी पत्र किंवा बोलणे आणि गावातील भारतीय कुटुंबाकडे गरम वरणभात, हा पहिला दिवस. तो खरोखर सुखाचा. आणि तो एकच. दुसऱ्या दिवसापासून जे सुरू होते त्यास कारखान्यात दुरुस्तीसाठी यंत्रे बंद ठेवतात त्या दिवसांचीच उपमा द्यावी लागेल. त्या दिवसांत उत्पादन शून्य असते, पण पुढचे सारे उत्पादन त्यांवर अवलंबून असते. नौकेच्या तळास शेवाळ व शिंपल्यांच्या जातीचे चिकट जीव लागलेले असतात. ते खरवडले नाहीत तर चाल मंदावते, आणि चाल मंदावली तर अन्नपाणी वाटेतच संपावयाचे. शिडांच्या शिवणी उसवलेल्या असतात. डोलकाठीच्या टोकापर्यंत चढून प्रत्येक खिळा, प्रत्येक तार डोळ्यांनी पाहावी लागते, कारण जी तार बंदरात तुटत नाही ती केप हॉर्नपाशी तुटते. पाण्याच्या टाक्या धुवावयाच्या, विजेची उपकरणे तपासावयाची, धान्य मोजून भरावयाचे. आणि एवढे करूनही निघता येतेच असे नाही. केप हॉर्न ओलांडावयाचे ते दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात. 'म्हादेई' ने ते भूशिर २०१० च्या जानेवारीत ओलांडले, आणि पुढे सहा महिला अधिकाऱ्यांच्या 'तारिणी' नेही २०१८ च्या जानेवारीतच. यात योगायोग काही नाही. ऋतूची वाट बंदरात पाहिली, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा त्या ११९ दिवसांस विश्रांती म्हणणाऱ्या माझ्या स्नेह्याने एकवार बोटीचा तळ खरवडून पाहावा.

'तारिणी' चा हिशेब निराळा आहे. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारिणी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या व २१ मे २०१८ रोजी गोव्यास परतल्या. २५४ दिवसांपैकी १९९ त्यांनी समुद्रावर काढले. ठरलेली बंदरे तीच चार. लिटलटन ते पोर्ट स्टॅन्ली या सुमारे चाळीस दिवसांच्या मजलेत, पूर्वेस जात असल्याने, १८० अंशांचा रेखांश ओलांडताना त्यांस एकच तारीख दोनदा मिळाली. पिगाफेट्टाने गमावलेला दिवस जणू त्यांच्या पदरात पडला. परंतु केप टाउन सोडल्यावर, आता एकदम गोवाच, असे वाटत असता सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात शिरावे लागले. घर समोर दिसत असता मधल्याच बंदरात थांबणे मनास किती जड जात असेल! तथापि दुरुस्ती करून मगच निघणे, हा निर्णय वादळात शीड उतरविण्याइतकाच धैर्याचा आहे, असे माझे मत आहे.

बंदरातला दिवस मुळीच न घेणारेही असतात. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये 'म्हादेई' तूनच १५१ दिवसांत एकट्याने, कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. जगात असे प्रथम केले ते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज नाविकाने. पुढे दोंदे यांस मार्गदर्शन करणारे गृहस्थ तेच. त्यांची 'सुहैली' ही नौका मात्र आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली. १४ जून १९६८ रोजी ते इंग्लंडातील फाल्मथहून निघाले. नोव्हेंबरात न्यूझीलंडच्या ओटागो बंदराच्या तोंडाशी त्यांनी आश्रय घेतला. किनारा हाकेच्या अंतरावर होता. एक ओळखीचा पत्रकार भेटावयास आला. परंतु शर्यतीचा नियम असा की बाहेरून कसलीही मदत घ्यावयाची नाही, घरचे पत्रदेखील नाही. तेव्हा ते नुसते बोलले. नौका वाळूत रुतली होती, तीही त्यांनी एकट्याने सोडविली आणि पुन्हा शीड चढविले. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, 'सुहैली' फाल्मथ बंदरात शिरली. जकातीचे अधिकारी नौकेवर आले आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारले की, कोठल्या बंदराहून येणे झाले? उत्तर मिळाले, फाल्मथहून.