लॅपटॉपचं वायफाय आणि गटाचे दीड हजार

कामं आटोपली असतील तर वही-पेन घेऊन बसा. आज थोडं लिहून घ्यायचं आहे. विषय आहे गटाचा लॅपटॉप.

आमच्या गटाचा मसाल्याचा धंदा आहे. ऑर्डरी, बिलं, बँकेचा हिशोब हातानं लिहून उरकेना, म्हणून आम्ही एक जुना लॅपटॉप घेतला. त्यात आधी विंडोज १० होतं. त्याचा नेहमीचा आधार कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला, आणि विंडोज ११ त्या जुन्या मशीनवर बसेना. म्हणून माझ्या पुतणीनं त्यावर उबुंटू टाकून दिलं. उबुंटू म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. त्याला पैसे पडत नाहीत.

सगळं चाललं, पण वायफाय काही लागेना. शेजारी ठेवलेल्या फोनला वायफाय मिळत होतं, लॅपटॉपला मात्र त्याची खूणसुद्धा दिसत नव्हती. तालुक्याच्या दुकानात नेला. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "कार्ड गेलंय. नवीन टाकायला दीड हजार."

दीड हजार म्हणजे काय? आम्ही पंधरा जणी महिन्याला शंभर-शंभर टाकतो. एका महिन्याची सगळ्यांची बचत! बैठकीत ठराव लिहायलाही घेतला होता. तेवढ्यात पुतणीचा फोन आला. ती म्हणाली, "काकू, थांबा. कार्ड आहे की नाही, ते आधी मशीनलाच विचारा."

आता लिहून घ्या.

पहिलं काम. वायफाय बंद तर ठेवलेलं नाही ना, ते बघायचं. काही लॅपटॉपच्या कडेला बारीक खटका असतो, काहींत वरच्या ओळीत विमानाच्या चित्राचं बटण असतं. मग कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणं एकदम दाबायची. काळी खिडकी उघडते, तिला टर्मिनल म्हणतात. तिथे इंग्रजीत लहान अक्षरांत आर, एफ, के, आय, एल, एल, मग एक जागा सोडून एल, आय, एस, टी लिहून एंटर दाबायचं. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे 'येस' असेल तर खटका किंवा बटण बंद आहे. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे 'येस' असेल तर सेटिंगमधून वायफाय चालू करायचं.

दुसरं काम. त्याच खिडकीत एल, एस, पी, सी, आय लिहून एंटर. मशीनच्या आत काय काय जोडलंय त्याची यादी येते. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' अशी ओळ शोधायची. आमच्या यादीत ती होती, आणि पुढे नाव होतं ब्रॉडकॉम. म्हणजे कार्ड जागेवर होतं आणि मशीनला दिसतही होतं!

मग चालत का नव्हतं? शिलाई मशीन चांगलं आहे, पण खाली बॉबिनच घातली नाही, तर टाका पडेल का? पडणार नाही. म्हणून आपण मशीन भंगारात देत नाही. कार्डालाही चालवणारा एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. बऱ्याच कार्डांचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतो. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांचा मात्र कंपनीच्या मालकीचा असतो, तो वेगळा घ्यावा लागतो.

तुम्ही म्हणाल, तो इंटरनेटवरून घ्यायचा, आणि इंटरनेटच तर नाही! आम्हीही इथेच अडलो होतो. तर तिसरं काम असं. फोन चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडायचा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग असतं, तिथे 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचं. फोनचं नेट वायरमधून लॅपटॉपला मिळतं. वायर मात्र डेटा जाणारी हवी. काही स्वस्त वायरींतून नुसतं चार्जिंग होतं.

चौथं काम. उबुंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडायचं. तिथे ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर दिसला की तो निवडून 'अप्लाय' दाबायचं. लॅपटॉपचा पासवर्ड मागेल, तो द्यायचा. काही मशीनमध्ये 'सिक्युअर बूट' नावाची राखण असते. तसं असेल तर आणखी एक नवा पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहून ठेवा. मशीन पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. आमची खजिनदार तो बघून मशीन बंद करायला धावली होती! घाबरायचं नाही. 'एनरोल एमओके' निवडायचं, 'कंटिन्यू', मग 'येस', आणि तो कागदावरचा पासवर्ड घालायचा. हे तिथल्या तिथे करायचं, कारण पडदा फार वेळ थांबत नाही.

आमचा लॅपटॉप सुरू झाला आणि कोपऱ्यात वायफायची खूण आली. दीड हजार पेटीतच राहिले. त्याच महिन्यात एका मैत्रिणीला मुलीच्या फीसाठी ते कर्जाऊ दिले.

दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणत नाही. रोज विंडोज हाताळणाऱ्या माणसाला लिनक्सची सवय नसते. आणि कधी कार्ड खरंच जातं. यादीत त्याची ओळच नसेल, तर मात्र जाणकाराला दाखवा. यूएसबीत लावायचं छोटं वायफायही मिळतं. घेण्याआधी ते लिनक्सवर चालतं का, एवढं विचारा.

शेवटची गोष्ट, जुना लॅपटॉप घेणाऱ्या गटांसाठी. उबुंटू पेन ड्राइव्हवरून, मशीनमध्ये काही न टाकता, नुसतं चालवून बघता येतं. पैसे देण्याआधी तसं चालवून वायफाय लागतं का ते पाहा. आणि कार्डाचं नाव गटाच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी "कार्ड गेलंय" म्हणालं, तर आधी रजिस्टर उघडा, मग पेटी.

बरंय मैत्रिणींनो, नमस्कार.