शर्यतीच्या होडीची घडण

वाऱ्याच्या बळावर चालणारी होडी किती वेगाने जाऊ शकेल, असे विचारले तर सामान्यतः उत्तर मिळते की, वारा जितका जोराचा आणि शीड जितके मोठे, तितका वेग अधिक. हे उत्तर अर्धेच खरे आहे. वारा वाढला, शीडही वाढवले, तरी एका मर्यादेपाशी होडी जणू हटून बसते. ही मर्यादा पाण्याने घातलेली असते. ती ओलांडावयाची तर होडीच्या धडाकडे, म्हणजे पाण्यात बसणाऱ्या तिच्या अंगाच्या घाटाकडे, पाहावे लागते. इंग्लंडच्या दक्षिणेस आइल ऑफ वाइट नावाचे बेट आहे. तेथील काउझ या गावच्या एका होडी बांधणाऱ्याने १९२८ साली ही मर्यादा कशी ओलांडली आणि त्यातून शर्यतीच्या न्यायाचा कोणता प्रश्न उभा राहिला, हे आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम ही मर्यादा कशाची ते पाहू. होडी पुढे सरकू लागली म्हणजे तिच्या नाळेशी पाणी दुभंगते व तेथे लाट उठते. वेग वाढेल तसतशी ही लाट लांबत जाते आणि अखेर तिची लांबी होडीच्या लांबीइतकी होते. आता एक उंचवटा नाळेपाशी, दुसरा पिछाडीपाशी आणि मधल्या खळग्यात होडी, अशी स्थिती येते. याहून वेगाने जाऊ म्हटले की, मागचा उंचवटा होडीला सोडून मागे राहतो, पिछाडी खळग्यात बसते आणि आपणच उठवलेल्या लाटेचा चढ होडीला चढावा लागतो. १४ फूट लांबीच्या होडीवर ही वेळ ताशी सुमारे ५ सागरी मैलांवर, म्हणजे ९ किलोमीटरांच्या आसपास येते. त्यापुढे वाऱ्याचे जादा बळ बहुतेक लाट उठवण्यातच खर्ची पडते.

विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८६७ साली डार्ट नदीत ३, ६ व १२ फूट लांबीच्या प्रतिकृती ओढून पाण्याच्या या विरोधाचे मोजमाप केले. त्याने दोन घाट निवडले होते. एकाची टोके अणकुचीदार होती, त्याला त्याने ‘रेव्हन’ म्हणजे डोमकावळा म्हटले. दुसऱ्याची टोके गोलसर होती, त्याला ‘स्वान’ म्हणजे हंस. अणकुचीदार घाट सदैव सरस ठरावा, अशी त्या काळची समजूत होती. प्रत्यक्षात मंद गतीला रेव्हन सरस ठरला, परंतु वेग वाढताच स्वानची बाजू वरचढ झाली. सर्व वेगांना सारखाच अनुकूल असा घाट नसतो, हा धडा त्यातून मिळाला; आणि होडीचा आराखडा काढणाऱ्या प्रत्येकाला तो आजही लक्षात ठेवावा लागतो.

आता तळ्याकाठी खेळणाऱ्या मुलांकडे पाहा. चपटी खापरी तिरपी भिरकावली म्हणजे ती पाण्यात न बुडता टप्पे घेत पलीकडे जाते. गोल गोटा मात्र जेथे पडेल तेथेच बुडतो. होडीने पाणी फाडीत जाण्याऐवजी पाण्यावर स्वार होऊन घसरत जावे, तर तिच्या तळाने खापरीचा हा गुण उचलला पाहिजे. त्यासाठी तळाचा मागील भाग सपाट हवा, म्हणजे खालचे पाणी धडाला वर उचलून धरते. होडीचे वजन कमीत कमी हवे. शिवाय वारा शिडाला एका अंगास कलंडवीत असता, आतल्या माणसांनी दुसऱ्या अंगास काठाबाहेर झुकून होडी सरळ राखली पाहिजे. कलंडलेली होडी पाण्यावर चढत नाही.

मग साराच तळ सपाट का करू नये? कारण शर्यतीच्या दिवशी कोणता वारा वाहील, हे कोणाच्याच हाती नसते. वारा मंद असेल तेव्हा होडीला मुख्य अडथळा पाण्याच्या घर्षणाचा होतो आणि पसरट तळाला पाणी अधिक चिकटते. शिवाय समोरून येणाऱ्या लाटांवर सपाट नाळ आपटत राहते. तेव्हा एका ठिकाणी मिळवावे तर दुसऱ्या ठिकाणी गमवावे लागते. किती गमवावे, याचा निवाडा करणे हीच खरी आराखड्याची विद्या होय.

उफा फॉक्स याचा जन्म १८९८ सालचा. सॉन्डर्स यांच्या कारखान्यात त्याने उमेदवारी केली. तेथे वेगवान मोटारहोड्या आणि पाण्यावरून उडणारी विमाने तयार होत. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक ठेवून तांब्याच्या तारेने शिवण्याची त्या कारखान्याची पद्धत प्रसिद्ध होती. हलके परंतु मजबूत धड कसे घडवावे व ते पाण्यावर कसे चढते, हे दोन्ही पाठ फॉक्सला तेथे मिळाले. यंत्राच्या होडीला जे साधते ते शिडाच्या होडीला का साधू नये, असा प्रश्न त्याने मनाशी धरला आणि १४ फुटी शर्यतीच्या होड्यांवर तो प्रयोग करू लागला. १९२८ साली त्याने ‘अ‍ॅव्हेंजर’ ही होडी पाण्यात सोडली. तिची नाळ खोल व पाणी कापणारी होती. मागे जाता जाता तळ क्रमाक्रमाने सपाट होत गेला होता.

अशी होडी घडवताना आधी कागदावर आराखडा काढतात, मग तोच पूर्ण मापाने जमिनीवर उतरवतात. लवचीक लाकडी पट्टी रेषांवरून धरून कोठे उंचवटा वा खळगा राहिला आहे काय, ते डोळ्याने पारखतात. त्या रेषांवरून साचे, साच्यांवर बरगड्या व पातळ फळ्या अशी बांधणी होते. दोन्ही टोकांना तर वजन जराही वाढू देत नाहीत, कारण टोके जड असली की होडी लाटांवर पुढेमागे झुलत राहते व वेग हरवते.

त्या मोसमात अ‍ॅव्हेंजरने ५७ शर्यती केल्या. त्यांपैकी ५२ मध्ये ती पहिली आली, दोहोंत दुसरी व तिहींत तिसरी. प्रिन्स ऑफ वेल्स चषकही तिनेच जिंकला. याच होडीतून फॉक्स साथीदारांसह समुद्र ओलांडून फ्रान्सच्या किनाऱ्यावर शर्यतीस गेला व परतही आला.

परंतु ५७ पैकी ५२ शर्यती एकच होडी जिंकू लागली, तर बाकीच्यांनी शर्यतीत उतरावे कशासाठी? कालपर्यंत उत्तम मानलेली होडी एका मोसमात जुनी ठरावी आणि ज्याच्या गाठी नवी बांधण्याइतका पैसा आहे त्यानेच जिंकावे, हा खेळ की खरेदीची चढाओढ? तसेच १९३८ साली जॉन विंटर व पीटर स्कॉट यांनी, डोलकाठीला बांधलेल्या दोराच्या आधारे एकाने संपूर्ण शरीर काठाबाहेर काढण्याची युक्ती करून तोच चषक जिंकला. पाठोपाठ नियमकर्त्यांनी ती युक्ती बंद केली. पुढे कित्येक वर्षांनी तिला मुभा मिळाली.

या प्रश्नाला फॉक्सने स्वतः दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे. आपल्या होड्यांचे आराखडे त्याने पुस्तकांतून छापून सर्वांस खुले केले. युद्धकाळात हलक्या धडाची हीच विद्या त्याने विमानातून हवाई छत्रीने समुद्रात सोडावयाच्या जीवरक्षक होडीस लावली. १९४३ च्या मे महिन्यात उत्तर समुद्रात पडलेल्या वैमानिकांचे प्राण अशा होडीने वाचले. युद्धानंतर, १९४६ साली, त्याच्याच आराखड्यावरून ‘फायरफ्लाय’ ही १२ फुटी होडी निघाली. विमानाच्या कारखान्यातून आलेल्या पद्धतीने लाकडाचे पापुद्रे साच्यावर चिकटवून, वाफेच्या उष्णतेने व दाबाने तिचे धड तयार होई. साहजिकच सर्व होड्या एकसारख्या निघत.

१९४८ च्या ऑलिंपिकमध्ये टॉर्की येथे एकेका खेळाडूस हीच होडी देण्यात आली. डेन्मार्कच्या २० वर्षांच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमने पहिल्या शर्यतीतून माघार घेतली होती, तरी सातव्या शर्यतीअखेर सुवर्णपदक त्याच्याच हाती आले. होडी सर्वांची सारखी होती. तेव्हा तो विजय त्याच्या कौशल्याचा होता, यात कोणास शंका घेता आली नाही.

पाण्यावर स्वार होणाऱ्या धडाची ही विद्या पुढे देशोदेशी पसरली. पीटर मिल्न याने १९६२ साली आखलेली ‘फायरबॉल’ ही सपाट तळाची होडी हौशी माणसालाही घरी बांधता यावी अशी होती. त्याच जातीच्या होडीतून १९८२ च्या आशियाई सामन्यांत मुंबईच्या समुद्रावर फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी भारतास सुवर्णपदक मिळवून दिले. काउझच्या कारागिराने शोधलेला घाट त्याच्यापुरताच राहिला असता, तर त्याच्या नावे काही चषक अधिक जमा झाले असते. तो सर्वांचा झाला म्हणून शर्यत टिकली आणि मागून येणाऱ्यांना आपले कौशल्य पणास लावता आले.