काळा धूर आणि दाखला

कांद्याच्या गोण्या भरलेली डिझेल पिकअप काळा धूर सोडीत चढ चढू लागली, की तिची ताकद वाढली, असे अहिल्यानगर जिल्ह्यातील काही चालक मानतात. हा समज अर्धाच खरा आहे. ओढ वाढावी म्हणून जुन्या गाडीच्या पंपाचे सील तोडून डिझेल वाढविले आणि हवा तेवढीच राहिली, तर जादा डिझेल अर्धवट जळते. तोच हा धूर. त्यात मालकाचा पैसाही जातो.

पीयूसी केंद्रात गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर झपाट्याने दाबतात व धूर किती प्रकाश अडवितो, हे यंत्राने मोजतात. त्याची मर्यादा बीएस-४ पूर्वीच्या गाडीस प्रतिमीटर २.४५, बीएस-४ गाडीस १.६२ व बीएस-६ गाडीस ०.७ आहे. नव्या वाहनांचे नमुने तपासणारी व्हीआरडीई ही संस्था अहिल्यानगरातच आहे. अशा कसोटीस उतरते ती कारखान्याची मूळ रचना; म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ तीत मनमानी फेरबदल करू देत नाही.

तपासणीपुरता पंप आवळून दाखला मिळविणारा चालक पुढची तपासणी येईपर्यंत तोच धूर शाळेच्या वाटेवरील मुलांच्या छातीत भरीत असतो. त्यापेक्षा एअर फिल्टर स्वच्छ करावा, नोझल तपासून घ्यावेत व पंप मूळ मापावर आणावा. मग दाखल्यासाठी युक्ती योजावी लागत नाही.