वडीलधाऱ्यांची वही आणि संगणकावरील तक्ता
(केदारखेडा येथे केलेले भाषण)



साठी उलटलेल्या मंडळींस संगणकावरील हिशेबाचा तक्ता, म्हणजे 'स्प्रेडशीट', शिकविण्याविषयी बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. हे आता आम्हांस काय जमणार, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांस आमचे विचारणे इतकेच की, ज्यांनी जन्मभर कीर्द-खतावणी लिहिली, त्यांस रकाने नवे ते कोणते? १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचा 'व्हिसिकॅल्क' विक्रीस आला, तोही कागदी तक्त्याच्याच धर्तीवर. एक आकडा बदलताच त्यावरील सर्व उत्तरे आपोआप बदलतात, एवढीच काय ती नवलाई.

एमएस-सीआयटीच्या वर्गांतून हा विषय शिकवितात खरा. पण त्याचा रोख नोकरीकडे. भोकरदन तालुक्यातील शेतकऱ्यास पगारपत्रक काय करावयाचे? त्यास कपाशीचा खर्च, औषधांचे पैसे आणि पीककर्ज मांडावयाचे असते. मुदतीत फेड केली तर व्याजात सवलत मिळते, मुदत हुकली की ती गेली. तेव्हा एका घरात मुदतीची तारीख लिहावी, शेजारच्या घरात तीतून आजची तारीख वजा करण्याचे सूत्र घालावे. तक्ता उघडताच उरलेले दिवस समोर. मुलगा पुण्याहून येईपर्यंत पासबुक पेटीत ठेवून बसणे नको. आमच्या मते हा प्रश्न हिशेबाहून अधिक घरातील अधिकाराचा आहे. पती निवर्तल्यावर कोणाचे किती देणे हे ज्या भगिनींस इतरांकडून ऐकावे लागते, त्यांनी तर अगोदर शिकावे.

यंत्राच्या खोड्याही सांगितल्या पाहिजेत. घरात '५०० रुपये' असे लिहिले की यंत्र त्यास शब्द समजते, बेरजेतून मुकाट्याने वगळते आणि चूकही दाखवीत नाही! निव्वळ आकडाच लिहावा. अर्ध्या किलोसाठी '१/२' लिहाल तर त्याची तारीख होऊन बसेल. म्हणून पहिले दोन महिने वही व तक्ता दोन्ही ठेवून बेरजा ताडून पाहाव्यात. बँकेचा गुप्त क्रमांक मात्र तक्त्यात कदापि लिहू नये.

शिकविणाऱ्या नातवंडांनी माऊस आपल्या हाती घेऊ नये, कितीही उशीर होवो. वर्गास येताना प्रत्येकाने चालू महिन्याची वही आणावी. आपण तीच उतरावयास घेऊ.