वेचणीच्या तोंडावर

आमचं घराणं पिंजाऱ्यांचं. अब्बांची धनुकली वाजू लागली की गल्लीत थंडी आली असं समजायचं. शेती चुलत्यांकडे होती, आज तिथं चुलतभाऊ कापूस लावतो.

खुला व्यापार वाईटच, असं मी म्हणणार नाही. २०२१-२२ च्या हंगामात जगभर कापूस महागला आणि भावाच्या घराचे पत्रे जाऊन स्लॅब पडला. पण दार उघडायची वेळ पाहा. १९ ऑगस्ट २०२५ रोजी सरकारनं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता, हेही खरं. आमची वेचणी मात्र नेमकी त्याच महिन्यांतली. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर भरला, गाडी परत. मग व्यापाऱ्यानं दिला तो भाव, हजारानं कमी.

‘भाईजान, पुढच्या साली तूरच लावतो,’ तो म्हणाला.

तुरीची आयात तर २०२१ सालीच मोकळी केलेली. मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याला ते सांगितलं.