पवईची बेरीज, अंधेरीचा पाऊस
(मुलुंड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



रडार म्हटले की डोळ्यांसमोर गरगर फिरणारी मोठी तबकडी येते. आज मला बोलायचे आहे ते लहान लहान अँटेनांच्या समूहाबद्दल, आणि त्या समूहाला कामाला लावणाऱ्या गणिताबद्दल. हा विषय आपल्या मध्य रेल्वेच्या मार्गावरचाच आहे.

१९६५ साली कल्याणला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तरुण मंडळींनी, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली, सूर्याच्या रेडिओ लहरी टिपण्यासाठी सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या उभ्या केल्या. तबकड्या ऑस्ट्रेलियातून भेट म्हणून मिळालेल्या. २४ तबकड्या पूर्व-पश्चिम ओळीत सुमारे ६३० मीटरवर पसरलेल्या आणि ८ दक्षिणोत्तर. ६१० मेगाहर्ट्‌झवर सहा फुटांच्या एकट्या तबकडीची नजर इतकी भोंगळ असते की तिच्या टप्प्यात चाळीसएक सूर्यबिंबे शेजारी शेजारी मावतील. पण सगळ्या तबकड्यांचे सिग्नल नीट जुळवले, की सूर्याच्या बिंबाचा दहावा हिस्सासुद्धा वेगळा ओळखता येतो. खोडदला पुढे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी प्रचंड दुर्बीण झाली, तिचे बीज कल्याणच्या त्या ओळीत होते.

आता पवईला येऊ. आय. आय. टी.च्या आवारात ‘समीर’ नावाची संस्था आहे: सोसायटी फॉर अप्लाइड मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग अँड रिसर्च. टाटा संस्थेतल्याच एका विभागातून ती १९८४ साली स्वतंत्र झाली. शेजारून रोज हजारो लोक जातात, पण तिचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि याची मला मनापासून खंत वाटते. कारण तिरुपतीजवळच्या गदंकी गावातले एम. एस. टी. (मेसोस्फिअर-स्ट्रॅटोस्फिअर-ट्रोपोस्फिअर) रडार याच संस्थेच्या अभियंत्यांनी उभारले. गेल्या शतकाच्या नव्वदीच्या सुरुवातीपासून ते काम करते आहे.

तिथे फिरणारे काहीच नाही. जमिनीवर ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ यागी अँटेना रोवलेल्या आहेत. पूर्वी घराघरांच्या छपरांवर दूरदर्शनसाठी असायच्या, त्याच जातीच्या. दोन अँटेनांमध्ये अंतर सुमारे चार मीटर. हे रडार विमाने शोधत नाही. निरभ्र हवेतल्या दोन-तीन मीटरच्या भोवऱ्यांवरून परत येणारा प्रतिध्वनी ते ऐकते. तो इतका क्षीण असतो की एकट्या अँटेनाच्या गोंगाटात तो पार बुडून जातो.

मग तो सापडतो कसा? गोराईच्या किनाऱ्यावर जड होडी ओढताना सगळे एका हाकेवर जोर लावतात तेव्हाच ती सरकते. ज्याने त्याने आपल्या मनाने ओढले तर तेवढेच हात असून ती जागची हलत नाही. १०२४ अँटेनांचे सिग्नल एकाच लयीत असले की बेरीज १०२४ पट होते. गोंगाट मात्र प्रत्येक अँटेनाचा वेगळा असतो, कुठे वर तर कुठे खाली, त्यामुळे तो बराचसा आपसातच मिटतो आणि वर्गमुळाच्या हिशेबाने फक्त ३२ पट वाढतो. प्रतिध्वनी गोंगाटातून वर येतो तो या बेरजेमुळे.

अँटेना जागच्या हलत नाहीत, तर रडार वेगवेगळ्या दिशांना बघते कसे? समजा, उभ्या रेषेपासून १० अंश पूर्वेकडे बघायचे आहे. तिकडून येणारी लाट पूर्वेच्या अँटेनाला आधी भेटते आणि पश्चिमेच्या शेजारणीपर्यंत पोचायला तिला सुमारे ६९ सेंटिमीटर जास्त जावे लागते. म्हणजे एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या सव्वादोन पट वेळ. पूर्वेच्या अँटेनाचा सिग्नल तेवढा थांबवला, पुढच्या प्रत्येक अँटेनाचा त्याच हिशेबाने, की पूर्वेकडून आलेला प्रतिध्वनी लयीत जमतो आणि बाकी दिशांचे बेताल होऊन विरतात. थांबवण्याचे प्रमाण बदलले की दिशा बदलली. मला या शास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. याच्या पुढची पायरी म्हणजे एखाद्या नको असलेल्या दिशेकडे ठरवून बहिरे होणे: प्रत्येक अँटेनाचा सिग्नल बेरजेत किती आणि कोणत्या लयीत धरायचा, ती ‘वजने’ अशी निवडायची की त्या एका दिशेचा गोंगाट बेरजेत शून्य व्हावा. ही वजने आलेल्या सिग्नलवरूनच क्षणाक्षणाला काढता येतात.

आता ज्या दिवसामुळे हा विषय आपल्या उपनगरांचा झाला, त्याकडे वळतो. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; सुमारे २५ किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३ मिलिमीटर. मुंबईत तेव्हा पावसाच्या थेंबांचा वेग सांगणारे डॉप्लर रडार नव्हते. नंतर कुलाब्याला एस-बँड या लहरपट्ट्यातले आले, आणि १४ जानेवारी २०२२ रोजी अंधेरीत वेरावलीच्या टेकडीवर सी-बँडचे डॉप्लर रडार सुरू झाले. वेरावलीच्या रडारची तरंगलांबी पाच सेंटिमीटरच्या आसपास.

या रडारपुढच्या अडचणी जवळून बघण्यासारख्या आहेत. ते तबकडीचे रडार आहे, पण त्याचीही सगळी भिस्त गणितावर. थेंबांवर आपटून परत आलेल्या पल्सचा (लहरींच्या छोट्या ठोक्याचा) फेज, म्हणजे लाटेची चढ-उतारातली जागा, एका पल्सपासून दुसऱ्यापर्यंत किती सरकला, त्यावरून थेंबांचा वेग कळतो. समजा, असे रडार सेकंदाला १००० पल्स सोडते. मग १५० किलोमीटरपर्यंतचे अंतर बिनचूक कळते, पण वेग सेकंदाला १३ मीटरपर्यंतच. थेंब सेकंदाला २० मीटरने आपल्याकडे येत असतील, तर रडारला ते साडेसहा मीटरने लांब जाताना दिसतात! पल्स वाढवल्या तर वेग सुधारतो, पण अंतराचा घोळ होतो. म्हणून दोन वेगवेगळ्या गतींनी पल्स सोडतात आणि दोन्ही उत्तरांत बसणारा वेग खरा धरतात.

दुसरी अडचण बोरिवलीकरांनी लक्ष देऊन ऐकावी. रडारला टोलेजंग इमारती दिसतात, राष्ट्रीय उद्यानाचे डोंगरही दिसतात. त्यांचा वेग शून्य असतो, म्हणून शून्य वेगाचे सगळे गाळून टाकायचे, ही साधी युक्ती. पण वारा सरळ पश्चिमेचा असेल, तर अंधेरीच्या उत्तरेला, म्हणजे बोरिवली-दहिसरवरचे थेंब रडारच्या नजरेला आडवे जातात. जवळही येत नाहीत, लांबही जात नाहीत. त्यांचाही वेग शून्य दिसतो. डोंगर गाळताना पाऊस गाळला जातो, आणि नकाशावर बोरिवलीला तो प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. यावर उपाय असा की वेगांच्या आलेखातला शून्याजवळचा भाग कापल्यावर उरलेल्या आकारावरून पावसाचा हरवलेला वाटा अंदाजाने परत भरायचा. या गाळण्याची बारीकसारीक जुळवाजुळव हे माझ्या मते सगळ्यांत जिकिरीचे काम आहे, आणि ज्याला इथला पाऊस आणि इथले डोंगर माहीत आहेत, त्यालाच ते चांगले जमेल.

तिसरी अडचण वेळेची. तबकडीला खालपासून वरपर्यंत एकेक कोन धरून गोल फिरावे लागते. सगळे आकाश पाहून व्हायला काही मिनिटे जातात. आपल्याकडचा ढग तेवढ्यात वाढतो आणि कोसळूही लागतो. जपानमध्ये ओसाका विद्यापीठाच्या सुइता इथल्या आवारात २०१२ साली अँटेनांच्या समूहाचे, म्हणजे फेज्ड अ‍ॅरेचे हवामान रडार बसवले गेले. ते सगळे उभे कोन एकदमच ऐकते आणि अख्खे आकाश अर्ध्या मिनिटात पाहून घेते. उभे कोन वेगळे काढते ती गदंकीचीच बेरीज.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. मुसळधार पावसात वेरावलीच्या किरणाला पवईवरचा पाऊस भेदून मुलुंडपर्यंत यावे लागते. सी-बँडचा किरण अशा पावसात अशक्त होतो आणि पलीकडचा पाऊस आहे त्यापेक्षा हलका दाखवतो. तेव्हा डोंगराच्या या बाजूला, भांडुप-मुलुंडच्या अंगाला दुसरे रडार हवे, आणि ते फेज्ड अ‍ॅरेचे हवे. दोन्ही बाजूंनी पाहिले की एकाच्या किरणातली घट दुसऱ्यावरून भरून काढता येते, आणि ज्या थेंबांचा वेग एकाला शून्य दिसतो, तो दुसऱ्याला बहुधा शून्य दिसत नाही. ज्यांना हे करता येते त्यांची संस्था पवईत आहे. हवामान खाते, महापालिका आणि ती संस्था यांना एका टेबलाशी बसवायला नागरिकांचा रेटा लागेल. पावसाळ्याआधी आपापल्या नगरसेवकाला लिहायच्या पत्रात नालेसफाईच्या खाली ही मागणीही घाला.