सेनापतींच्या घरची आई : उमाबाई दाभाडे



ज्या मातोश्रींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्या लेखिका नव्हत्या, पुढारी नव्हत्या. एक मोठे कुटुंब त्यांनी निष्ठेने सांभाळले, एवढीच त्यांची ओळख. अशा स्त्रीविषयी बोलण्याची वेळ आली की आपल्या भाषेत काही शब्द हात जोडून उभेच असतात : कुटुंबवत्सल, सोशिक, त्यागमूर्ती. भाषेचा अध्यापक म्हणून आयुष्य घालवल्यामुळे मला या शब्दांचा थोडा धाक वाटतो. ते आदरानेच वापरले जातात. पण त्यांच्याआड त्या स्त्रीची बुद्धी, तिने घेतलेले निर्णय आणि त्या निर्णयांसाठी तिने मोजलेली किंमत दिसेनाशी होते. म्हणून आज मी इतिहासातील एका कुटुंबप्रमुख स्त्रीचे चरित्र आपल्यापुढे ठेवतो. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांचे.

सुरतेच्या श्रोत्यांना उमाबाई अगदीच परक्या नाहीत. आपल्यापैकी अनेकजण सापुताऱ्याचा घाट ओलांडून वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जातात. गडावरून देवीच्या मंदिराकडे चढणाऱ्या सुमारे पावणेपाचशे पायऱ्या उमाबाईंनी इ. स. १७१० मध्ये बांधविल्या. २०१८ पासून तेथे यांत्रिक ट्रॉली सुरू झाली असली, तरी पायऱ्या चढणारे भाविक आजही पुष्कळ आहेत. गडाजवळचे अभोणे हे उमाबाईंचे माहेर. तेथील ठोके देशमुखांच्या घराण्यातील त्या कन्या. सासर मिळाले ते तळेगावच्या दाभाड्यांचे.

या घराण्याचा आणि आपल्या प्रांताचा संबंध फार जवळचा आहे. १७१७ मध्ये शाहू महाराजांनी खंडेरावांना सेनापतिपद दिले. गुजरातेतील मराठी सत्तेचा पाया त्यांच्या आणि त्यांच्या हाताखालील सरदारांच्या मोहिमांनी घातला. त्यांचेच सरदार पिलाजी गायकवाड यांनी १७१९ मध्ये सोनगड घेतला. सध्याच्या तापी जिल्ह्यातील हा गड गायकवाडांचे पहिले ठाणे ठरला, आणि तेथून सुरत अठ्ठाविशीत मराठ्यांचा वावर वाढत गेला. बडोद्याच्या राज्याचा उगम शोधीत मागे गेले की आपण तळेगावच्या वाड्यापाशी पोहोचतो.

१७२९ मध्ये खंडेराव निवर्तले. थोरले पुत्र त्र्यंबकराव सेनापती झाले. त्याच सुमारास पहिल्या बाजीरावांनी गुजरातच्या चौथाईत हात घातला. हा आपल्या हक्कावर घाला आहे अशी दाभाड्यांची भावना झाली आणि त्र्यंबकरावांनी निजामाशी संधान बांधले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींवर चालून गेल्या. त्र्यंबकराव रणात पडले. दोन वर्षांच्या आत उमाबाईंनी पती गमावला आणि पाठोपाठ कर्ता मुलगा गमावला; तोही परक्या शत्रूशी लढताना नव्हे.

शाहू महाराजांनी स्वतः मध्यस्थी केली. त्यांनी बाजीरावांना उमाबाईंच्या पायांवर घातले, बाईंच्या हाती तलवार देऊन सूड घेण्यास सांगितले, आणि बाईंनी ती खाली ठेवली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथा म्हणूनच ती घ्यावी. तडजोड मात्र इतिहासात नोंदलेली आहे. दुसरे पुत्र यशवंतराव सेनापती झाले, गुजरात दाभाड्यांकडे राहिला, पण तेथील निम्मा वसूल पेशव्यांमार्फत सरकारात भरावा असे ठरले. यशवंतराव लहान होते. सेनापतिपदाची वस्त्रे मुलाच्या अंगावर आणि त्या पदाचे ओझे आईच्या शिरावर, अशी स्थिती झाली.

हे ओझे त्यांनी दिवाणखान्यात बसून वाहिले नाही. १७३२ मध्ये जोधपूरच्या अभयसिंहाच्या माणसांनी डाकोरला पिलाजी गायकवाडांचा दगाफटक्याने खून केला. आपल्या घरच्या जुन्या सरदाराचा असा अंत होताच उमाबाई फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या. बरोबर पिलाजींचे पुत्र दमाजी आणि कंठाजी कदम बांडे होते. शहर हाती आले नाही. पण चौथाई-सरदेशमुखीचा हक्क आणि वर ऐंशी हजार रुपये अभयसिंहाकडून मान्य करून घेऊनच त्या परतल्या. वैधव्याच्या रूढ मर्यादा त्या काळी किती कठोर होत्या, हे आपण जाणता. त्या ओलांडताना त्यांच्यापुढे आपल्या घराची आणि घराच्या आश्रितांची जबाबदारी होती.

पुढची वीस वर्षे अशीच गेली. यशवंतराव मोठे झाले, पण व्यसनाधीनतेमुळे कारभाराला उभे राहिले नाहीत. सत्ता हळूहळू दमाजींकडे सरकली. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले आणि बाईंचा उरलासुरला आधारही गेला. नानासाहेब पेशव्यांनी गुजरातच्या निम्म्या हिश्शाचा तगादा लावला. नोव्हेंबर १७५० मध्ये उमाबाईंनी आळंदीस त्यांची भेट घेऊन सांगितले की जुना करार दडपणाखाली झाला, तो रद्द व्हावा. पेशव्यांनी ते मानले नाही. तेव्हा त्यांनी ताराबाईंचा पक्ष धरला आणि दमाजींना पंधरा हजार फौजेनिशी साताऱ्याकडे धाडले. आरंभी यश आले, शेवटी पराभव झाला. मे १७५१ मध्ये दाभाडे आणि गायकवाड मंडळी कैदेत पडली. दमाजी पुढच्या वर्षी निम्मा गुजरात देऊन सुटले आणि मोठे झाले. दाभाड्यांचे वैभव मात्र परतले नाही. २८ नोव्हेंबर १७५३ रोजी पुण्यात उमाबाईंचा देहान्त झाला.

त्याच वर्षी मार्चमध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई वारल्या होत्या. राधाबाईंच्या काशीयात्रेत राजेरजवाड्यांनी त्यांचा सन्मान केला, कारण त्यांचा मुलगा विजयी होता. उमाबाईंना तसे भाग्य लाभले नाही. म्हणून त्यांची योग्यता उणी ठरते काय? त्यांचे सगळेच निर्णय बरोबर होते असे मी म्हणणार नाही. घराचा हक्क राखण्याच्या हट्टापायी त्या शेवटी अशा पक्षाला मिळाल्या, ज्याच्या पराभवात घरच बुडाले. परंतु आईचे प्रेम डोळसही असते आणि कधी आंधळेही असते. दोन्ही मान्य केल्यावाचून कोणत्याही आईचे खरे चरित्र लिहिता येणार नाही.

वारसा म्हणजे केवळ वाडे आणि सनदा नव्हेत. खंडेरावांच्या काळी तळेगावला दरवर्षी हजारो ब्राह्मणांना भोजन देण्याचा प्रघात होता. त्र्यंबकरावांच्या मृत्यूनंतर बाजीरावांनी तो पुण्यात पुढे चालविला आणि त्यातून पेशवाईतील दक्षिणा वाढली. पेशवाई बुडाल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. हा पैसा मराठी ग्रंथांना मिळावा असा अर्ज १८४९ मध्ये सुधारकांनी केला, जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि १८५१ पासून मराठी ग्रंथांना दक्षिणा प्राइझ कमिटीची बक्षिसे मिळू लागली. एका घरच्या पंगतीतून निघालेला ओघ काही वळणे घेत मराठी पुस्तकापर्यंत आला. त्या पंगतींच्या काळात घरची धनीण उमाबाई होत्या, हे मराठीच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आज्या खानदेशातून, कोकणातून, देशावरून या शहरात आल्या. परक्या भाषेच्या बाजारात त्यांनी संसार मांडले, मुलांना या शाळेत मराठी शिकविले. त्यांचे माहेर कोणते, येथे आल्यावर पहिले बिऱ्हाड कोठे थाटले, घरातील अवघड निर्णय कोणी घेतले आणि ते कोणाला सोसावे लागले, हे विचारून लिहून ठेवा. त्यांच्या चुकाही लिहा, त्यांनी मान डोलावून मुभा दिली तर. असे वीस-पंचवीस कागद शाळेच्या ग्रंथालयात जमले, तर या व्याख्यानाचे निमित्त सार्थकी लागले असे मी समजेन.